ॲपचा मालक परदेशी असला, तर नेमकं बिघडतं काय?

१८ जानेवारी २०२५ च्या रात्री अमेरिकेत टिकटॉक उघडलं की व्हिडिओऐवजी एक सूचना दिसू लागली: नव्या कायद्यामुळे हे ॲप सध्या वापरता येणार नाही. अमेरिकेत तेव्हा सुमारे १७ कोटी लोक ते वापरत होते. दुसऱ्याच दिवशी ॲप परत सुरू झालं. पुढे वर्षभर ते कायद्याच्या लेखी बंद आणि प्रत्यक्षात चालू राहिलं. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये त्याचा अमेरिकेपुरता कारभार एका नव्या कंपनीकडे गेला. भारताने हाच प्रश्न २९ जून २०२० रोजी एका आदेशाने निकाली काढला होता. गलवानच्या चकमकीला दोन आठवडे होत होते आणि टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्स बंद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ सरकारने तर २६ समाजमाध्यमं एका फटक्यात बंद केली, आणि पाच दिवसांत पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला.

तिन्ही ठिकाणी बातमीत शब्द एकच होता, 'बंदी'. पण तिन्ही सरकारांना वाटलेली भीती वेगळी होती आणि बंदीची रीतही वेगळी. म्हणून 'परदेशी मालकीच्या ॲपवर बंदी घालावी का' या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणण्याआधी त्याचे धागे सुटे करून बघू.

## मालक म्हणजे कोण?

घर ज्याच्या नावावर तो मालक, हे आपल्याला कळतं. ॲपचं इतकं सरळ नसतं. टिकटॉक ज्या बाइटडान्स कंपनीने घडवलं, तिची नोंदणी केमन बेटांवर आहे. कंपनी सांगते त्यानुसार तिचे सुमारे ६० टक्के समभाग जगभरच्या गुंतवणूकदारांकडे आहेत, २० टक्के संस्थापकांकडे आणि २० टक्के कर्मचाऱ्यांकडे. कागद बघितले तर ही कंपनी कुण्या एका देशाची म्हणता येत नाही. पण तिचं मुख्य कार्यालय बीजिंगमध्ये आहे, आणि तिच्या चीनमधल्या एका उपकंपनीत चिनी सरकारशी जोडलेल्या संस्थेने २०२१ मध्ये १ टक्का हिस्सा घेतला. हिस्सा १ टक्क्याचाच, पण त्यासोबत संचालक मंडळावर एक जागाही मिळाली.

घर एकाच्या नावावर असतं, भाडं दुसऱ्याच्या खात्यात जातं आणि दाराची जादा किल्ली तिसऱ्याकडे असू शकते. चोरीची काळजी असणारा माणूस नावाची पाटी वाचत बसत नाही, जादा किल्ली कोणाकडे आहे ते विचारतो. ॲपच्या बाबतीतही तेच विचारायचं: कोणतं सरकार या मालकाला हुकूम देऊ शकतं, आणि मालकाला 'नाही' म्हणण्याची सोय आहे का?

अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये 'ॲप विका, नाहीतर बंद करा' असं सांगणारा कायदा केला, त्याची रचना नेमकी अशीच आहे. त्यात नुसतं 'परदेशी' असणं हा गुन्हा नाही. चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया या चार देशांचं नियंत्रण असलेल्या ॲप्सना तो लागू होतो, आणि अशा देशातल्या मालकांचा हिस्सा २० टक्के किंवा त्याहून जास्त असणं ही त्यातली एक खूण आहे. म्हणूनच नव्या अमेरिकी टिकटॉक कंपनीत बाइटडान्सचा हिस्सा १९.९ टक्के ठेवला आहे. त्याच कंपनीत अबू धाबीच्या एमजीएक्स या गुंतवणूक संस्थेचे १५ टक्के आहेत. एमजीएक्सही अमेरिकेबाहेरचीच, पण कायद्याची तिला हरकत नाही.

## पहिली भीती: माहिती

समाजमाध्यमाचं ॲप तुमच्याबद्दल काय काय जाणतं? तुमचा फोन कोणता, तुम्ही साधारण कुठे आहात, तुम्ही परवानगी दिली असेल तर संपर्कयादीत कोण आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणत्या व्हिडिओवर तुमचं बोट किती वेळ थांबलं. हे शेवटचं आपल्याला किरकोळ वाटतं. पण माणूस तोंडाने जे सांगत नाही, ते त्याचं थबकणं सांगून जातं.

चीनने २०१७ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता कायदा केला. त्याच्या ७ व्या कलमानुसार प्रत्येक संस्थेने आणि नागरिकाने सरकारच्या गुप्तवार्तेच्या कामाला सहकार्य करणं बंधनकारक आहे. आपण चिनी सरकारला अशी माहिती कधी दिली नाही आणि मागितली तरी देणार नाही, असं टिकटॉक सांगत आलं आहे. पण त्या कायद्यापुढे कंपनीचा शब्द किती टिकेल, ही शंका रास्त आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बाइटडान्सने स्वतःच कबूल केलं की तिच्या काही कर्मचाऱ्यांनी पत्रकारांच्या टिकटॉक खात्यांची माहिती उघडून पाहिली होती. कंपनीतून बातम्या कोण फोडतंय हे शोधण्यासाठी ते पत्रकार आणि आपले कर्मचारी एकाच जागी होते का, हे त्यांना ताडून बघायचं होतं. यात सरकारी आदेशाचा संबंध नव्हता. पण किल्ली वापरता येते, एवढं त्यातून सिद्ध झालं.

## 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही'

हा आक्षेप मी फार वेळा ऐकला आहे, आणि तो प्रामाणिक असतो. पण फोनमधली संपर्कयादी तुमच्या एकट्याची नसते. तिच्यात तुमचा सैन्यातला भाऊ असतो, न्यायालयात काम करणारी मैत्रीण असते, बातमी देणारा ओळखीचा माणूस असतो. तुमचं काही लपवायचं नसेल, त्यांचं असू शकतं. एका माणसाची माहिती किरकोळ असते. कोट्यवधींची एकत्र केली की कोण कोणाला ओळखतं, कोण कर्जात आहे, कोणाला कशाची भीती वाटते, याचा नकाशा तयार होतो.

## 'मग इतर कंपन्या काय वेगळं करतात?'

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात फेसबुकच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत वापरकर्त्यांची माहिती त्यांच्या नकळत राजकीय प्रचाराच्या कामासाठी बाहेर गेल्याचं उघड झालं. कंपनी अमेरिकी होती आणि बळी पडलेल्यांत सर्वाधिक अमेरिकी लोकच होते. शिवाय माहितीचे दलाल नावाचा एक मोठा धंदाच आहे. या कंपन्या वेगवेगळ्या ॲप्समधून तुमचा ठावठिकाणा आणि आवडीनिवडी गोळा करतात आणि उघड विकतात. ज्याला विकत घेता येतं, त्याला आख्खं ॲप ताब्यात ठेवायची गरज काय?

एवढंच नाही, युरोपच्या नजरेत अमेरिकी कंपन्याच परदेशी आहेत. अमेरिकेचे गुप्तचर कायदे युरोपीय नागरिकांच्या माहितीला पुरेसं संरक्षण देत नाहीत, असा निकाल युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने जुलै २०२० मध्ये दिला. याच कारणावरून मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने फेसबुकची मालक कंपनी मेटाला १२० कोटी युरोंचा दंड केला, आणि त्याच आयोगाने मे २०२५ मध्ये चीनकडे माहिती पाठवल्याबद्दल टिकटॉकला ५३ कोटी युरोंचा. माप दोघांना एकच लावलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मालकाचा देश न बघता 'माहिती कुठे गेली आणि तिथे तिचं रक्षण होतं का' एवढंच विचारायचं.

तरीही फरक उरतोच. अमेरिकेत सरकारने कंपनीकडे माहिती मागितली तर कंपनी न्यायालयात जाऊ शकते, अशा कंपन्या गेल्याही आहेत, आणि वर्तमानपत्रं त्यावर लिहितात. जिथे न्यायालय सरकारच्या विरोधात उभं राहू शकत नाही, तिथे तोच आदेश कोणाला कळतसुद्धा नाही. परदेशी ॲपबद्दलची काळजी योग्य असेल तर या फरकामुळे. नुसतं 'ते परके आहेत' म्हणणं पुरेसं नाही.

## दुसरी भीती: तुम्हाला काय दिसेल हे ठरवणारा हात

तुमच्या पडद्यावर पुढचा व्हिडिओ कोणता येणार, हे ठरवणाऱ्या गणिती नियमांच्या संचाला अल्गोरिदम म्हणतात. इथे आपण त्याला शिफारस यंत्रणा म्हणू.

एका प्रचंड ग्रंथालयाची कल्पना करा. पुस्तकं अब्जावधी आहेत आणि तुम्ही स्वतः फळीपर्यंत जाऊ शकत नाही. ग्रंथपाल एकेक पुस्तक आणून देतो, तुम्ही चाळता, तो पुढचं आणतो. तो तुमची आवड भराभर शिकतो, म्हणून तुम्हाला तो आवडतोही. त्याने एखाद्या विषयाची पुस्तकं आणणं हळूच कमी केलं, तर तुम्हाला ते कळणार नाही. जे समोर आलं त्याबद्दल तक्रार करता येते. जे आलंच नाही, त्याबद्दल कशी करणार?

माहितीच्या चोरीपेक्षा मला ही भीती मोठी वाटते, कारण तिचा पुरावा हाती लागणं फार अवघड आहे. रोमानियात २४ नोव्हेंबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कालिन जॉर्जेस्कू हे जनमत चाचण्यांत मागे असलेले उमेदवार अचानक पहिले आले. त्यांचा प्रचार मुख्यतः टिकटॉकवर होता. खात्यांची जाळी वापरून तो फुगवला गेल्याचे गुप्तचर अहवाल आले आणि ६ डिसेंबरला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निवडणूकच रद्द केली. पण यंत्रणा मालकाने वाकवली की बाहेरच्यांनी तिच्यातल्या फटींचा फायदा घेतला, हे दोन अगदी वेगळे आरोप आहेत, आणि फटी प्रत्येक ॲपमध्ये असतात.

म्यानमार आठवून बघा. रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष तिथे फेसबुकवरून पसरला, असं संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मोहिमेने २०१८ मध्ये म्हटलं. म्यानमारच्या दृष्टीने फेसबुक परदेशीच. पण कुणा सरकारने ते करायला सांगितलं नव्हतं. भडक मजकूर जास्त पसरतो, आणि तो वाचून रोखू शकतील अशी बर्मी भाषा जाणणारी माणसं कंपनीकडे फारच थोडी होती. ज्या बेपर्वाईने एवढी माणसं उद्ध्वस्त झाली, ती मालकीच्या कुठल्याही कायद्यात पकडली गेली नसती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०२५ रोजी टिकटॉकचा कायदा एकमताने वैध ठरवला, तेव्हा त्याने आधार घेतला तो माहिती गोळा करण्याच्या धोक्याचा. लोकांना काय दिसतं यावर परदेशी प्रभाव पडेल, या युक्तिवादावर न्यायालयाने निकाल उभारला नाही. आणि ते बरं झालं. 'लोकांच्या मनावर चुकीचा परिणाम होईल' हे कारण एकदा मान्य केलं की ते कोणत्याही पुस्तकाला लावता येतं.

## 'पण माध्यमांच्या मालकीवर बंधनं आधीपासूनच आहेत ना?'

आहेत. अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्याने रेडिओ परवान्यांतल्या परदेशी मालकीवर मर्यादा घातली. मूळचे ऑस्ट्रेलियाचे माध्यमसम्राट रुपर्ट मरडॉक यांनी तिथल्या दूरचित्रवाहिन्या घेण्यासाठी १९८५ मध्ये अमेरिकी नागरिकत्व घेतलं, ते त्यामुळेच. भारतात बातम्या देणाऱ्या वर्तमानपत्रांत परदेशी गुंतवणूक २६ टक्क्यांपर्यंतच चालते, आणि २०१९ पासून डिजिटल बातम्यांनाही तीच मर्यादा आहे.

मात्र वर्तमानपत्र किंवा रेडिओ बंद झाला तर मालकाचा आवाज जातो. समाजमाध्यम बंद झालं तर त्यावर बोलणाऱ्या कोट्यवधींचा. मालकीवर बंधन घालणं आणि त्या जागेला कुलूप लावणं, यातलं अंतर इथे फार वाढतं.

## बंदीनंतर काय झालं, हे भारताला विचारा

बंदीच्या वेळी टिकटॉकचे भारतात सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. त्यांतले कितीतरी जण असे होते ज्यांना याआधी कुठल्याही माध्यमाने दारात उभं केलं नव्हतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, महागडा कॅमेरा नव्हता, ओळख नव्हती. एका दिवसात त्यांचे चाहते, त्यांचं उत्पन्न आणि त्यांनी मेहनतीने केलेलं काम हातातून गेलं. सुरक्षेचा निर्णय योग्य होता असं मानलं, तरी त्याची किंमत या माणसांनी मोजली, आणि तिची नोंद सरकारी निवेदनांत कुठे झाली नाही.

रिकामी झालेली जागा कोणी भरली? इन्स्टाग्रामने जुलै २०२० मध्ये भारतात रील्स आणलं, यूट्यूबने सप्टेंबरमध्ये शॉर्ट्स. मोज, जोश, चिंगारी अशी भारतीय ॲप्स पुढे आली, पण मोठा वाटा दोन अमेरिकी कंपन्यांकडेच गेला. ट्विटरला पर्याय म्हणून उभं राहिलेलं कू जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. बंदीमुळे मालकाचा देश बदलला. माहिती गोळा होणं आणि यंत्रणेने काय दिसेल ते ठरवणं जसंच्या तसं राहिलं.

तांत्रिक बाजूने पाहिलं तर बंदी कधीच पूर्ण नसते. ॲप स्टोअरमधून ॲप काढलं जातं, इंटरनेट कंपन्या त्याचा पत्ता अडवतात, आणि लोक व्हीपीएन वापरतात, म्हणजे आपण दुसऱ्या देशातून जोडलो आहोत असं भासवणारी सोय. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये एक्स (आधीचं ट्विटर) बंद केलं तेव्हा अशा वाटेने ते वापरणाऱ्यांना दिवसाला ५०,००० रियालचा दंड जाहीर केला होता. बंदी टिकवायची असेल तर आज ना उद्या कंपनीला सोडून नागरिकांवर नजर ठेवावी लागते.

## कुलूप कोणाच्या हातात?

जून २०२१ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांचं एक ट्विट ट्विटरने काढून टाकलं. दोन दिवसांत सरकारने ट्विटरच बंद केलं, ते सात महिने. ही बंदी बेकायदा होती, असं पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास न्यायालयाने पुढे सांगितलं. रशियाने मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला सुरू असताना, फेसबुक आणि इन्स्टाग्राम अडवलं. चीनमध्ये फेसबुक आणि ट्विटर २००९ पासूनच नाहीत. नेपाळमध्ये नोंदणी न केल्याचं कारण होतं, पण सत्ताधाऱ्यांच्या मुलांच्या चैनीवर तरुण जिथे बोलत होते, त्याच जागा बंद झाल्या. ८ सप्टेंबरला रस्त्यावर उतरलेल्या आंदोलकांवर गोळीबार झाला आणि त्या एका दिवसात १९ जण मेले.

परदेशी मालक लोकांना काय दिसावं हे गुपचूप ठरवेल, ही आपली भीती. कारण न सांगता ॲप बंद करणारं सरकारही तेच ठरवत असतं.

'सुरक्षेची कारणं उघड कशी करणार?' हा प्रश्न इथे येतो. सगळी नाही करता येत, मान्य. पण भारतातली बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली झाली. श्रेया सिंघल खटल्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं, ते कारणं लेखी नोंदवण्यासारखी बंधनं त्यात आहेत म्हणून. पुढे २००९ च्या नियमांतली गुप्ततेची तरतूद दाखवून ते आदेश लोकांपुढे येऊच दिले जात नाहीत. लिहिलेलं कारण कोणी वाचूच शकत नसेल, तर त्याला आव्हान कशाच्या आधारावर द्यायचं? अमेरिकेने उलट चूक केली. संसदेत कायदा झाला, न्यायालयात खुली सुनावणी झाली, आणि मग राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तोच कायदा एकामागून एक मुदतवाढ देत वर्षभर लांबवला. धोका तातडीचा होता, तर इतका काळ तो कसा चालवून घेतला, याचं उत्तर नागरिकांना मिळायला हवं होतं.

## कुलपाआधीचे उपाय

पहिला उपाय विक्रीचा. समलिंगी व्यक्तींसाठीचं ग्राइंडर हे डेटिंग ॲप कुनलुन या चिनी कंपनीकडे होतं. अशी माहिती परकीय सरकारच्या हाती गेली तर माणसांना धमकावता येईल, हे अमेरिकेने ओळखलं आणि कंपनीला ते विकायला लावलं. २०२० मध्ये विक्री झाली. ॲप एक दिवसही बंद पडलं नाही. टिकटॉकच्या बाबतीत विक्री अडली, कारण चीनने ऑगस्ट २०२० मध्ये शिफारस यंत्रणेसारखं तंत्रज्ञान निर्यात-नियंत्रणाच्या यादीत टाकलं. ग्रंथालय विकलं जाईल, पण ग्रंथपालाला देश सोडायला सरकारची परवानगी लागेल, असा तो पेच होता.

दुसरा उपाय मर्यादित बंदीचा. २०२३ च्या सुरुवातीला युरोपीय आयोग, ब्रिटन आणि कॅनडाने सरकारी फोनवर टिकटॉक ठेवायला मनाई केली. ज्यांच्या हाती गुपितं असतात त्यांच्यापुरतीच ही बंदी, आणि ती मला पूर्णपणे योग्य वाटते.

तिसरा उपाय सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात गरजेचा: प्रत्येक कंपनीला, मग ती देशी असो की परदेशी, लागू होणारा माहिती संरक्षणाचा कायदा आणि शिफारस यंत्रणेची बाहेरच्या जाणकारांकडून तपासणी. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यात मोठ्या ॲप्सना अशी तपासणी सक्तीची आहे. भारताचा माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कोणत्या देशांत माहिती पाठवायची नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यात सरकारला आहे. सरकारी यंत्रणांना सूट देण्याचाही आहे, आणि ते मला खटकतं.

## मग बंदी घालावी का?

माझं मत असं: मालकाला हुकूम देणारं सरकार कोणत्याही न्यायालयाला उत्तर देत नसेल, विक्री आणि तपासणीचे मार्ग करून पाहिले असतील, आणि बंदीची कारणं वाचून त्याविरुद्ध दाद मागता येत असेल, तरच बंदी समर्थनीय आहे. यातली एक गोष्ट जरी नसेल तर नाही. आणि बंदी घातलीच, तर वापरकर्त्यांना वेळ मिळाला पाहिजे. अमेरिकेच्या कायद्यात याबद्दल एक छोटं कलम आहे, ज्याची चर्चा फारशी झाली नाही: बंदी लागू होण्याआधी, कोणीही मागितलं तर कंपनीने त्याचे सगळे व्हिडिओ, छायाचित्रं आणि नोंदी त्याला परत द्यायच्या, त्याही दुसऱ्या ॲपवर नेता येतील अशा स्वरूपात. भारतातल्या आदेशाने २०२० मध्ये लोकांना अशी संधी दिली नाही. असं कलम आपल्या नियमांत घालायला कुठल्याही सुरक्षा यंत्रणेची हरकत असायचं कारण नाही.